भूमिका कुणाची?

दिवाळीत नातवंडे गावी आली, की आमच्या घरातले वाद एकदम उंचीवर जातात. एरवी आम्ही दोघे म्हातारा-म्हातारी सोयाबीनचा भाव, गुडघेदुखी आणि नळाचे पाणी यांपलीकडे फारसे भांडत नाही. पण पुण्याहून नातू आणि लातूरहून नात आली, की किल्लारीच्या ओसरीवर थेट अमेरिकेतल्या प्रश्नांचा खल सुरू होतो. यंदा आत चकल्यांचा घाणा चालू होता, बाहेर आकाशकंदिलाच्या कामट्या बांधणे चालू होते, आणि कामट्यांपेक्षा जास्त ताण वादाला होता.

विषय असा होता: एखाद्या नटाने गाजवलेली भूमिका, तो नट गेल्यावर, दुसऱ्याला द्यावी की देऊ नये?

प्रथम मला वाटले, हे पोरखेळ आहेत. अंगाला घट्ट बसणारे कपडे घालून आकाशात उडणाऱ्या वीरांचे चित्रपट ही मुले पाहतात, त्यांतला कुठला नट जाणार आणि कुठला येणार यावर त्यांचे जेवण थंड होते, एवढेच मला ठाऊक होते. पण मास्तरकी सुटली तरी कान टवकारण्याची खोड सुटत नाही. ऐकता ऐकता मी त्या वादात गुंतलो, आणि थोड्या वेळाने माझ्या हातातली कामटी कधी मोडली ते मला कळले नाही.

नातवाचे म्हणणे सरळ होते. सुपरमॅन हा वीर १९३८ साली चित्रकथेत जन्मला. १९७८ साली क्रिस्टोफर रीव्हने त्याला पडद्यावर अजरामर केले. पुढे २०१३ साली हेन्री कॅव्हिल आला, २०२५ साली डेव्हिड कोरेन्सवेट आला. वीर तोच, कपाळावरची बटही जवळजवळ तीच, माणूस मात्र दुसरा. बॅटमॅनचे तर मायकेल कीटनपासून रॉबर्ट पॅटिन्सनपर्यंत अर्धा डझन चेहरे झाले. "आजोबा, लोक दर वेळी ओरडतात, की हा नको, तोच पाहिजे. आणि दोन वर्षांनी त्याच माणसासाठी रडतात. मग एखाद्या भूमिकेला कायमचं कुलूप का लावायचं?"

नातीचे म्हणणे तेवढे सरळ नव्हते. म्हणूनच ते मला जास्त खरे वाटले. 'ब्लॅक पँथर' नावाच्या २०१८ सालच्या चित्रपटात चॅडविक बोसमन या नटाने वाकांडा या काल्पनिक आफ्रिकी देशाच्या राजाची, टिचालाची भूमिका केली. काळ्या माणसांच्या मुलांना पडद्यावर आपला असा राजा इतक्या थाटात फार क्वचित दिसला होता. आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी तो नट कर्करोगाने गेला. वय अवघे ४३. आपल्या आजाराची वाच्यता त्याने कधी जाहीरपणे केली नव्हती. चित्रपट काढणाऱ्यांनी ठरवले, की टिचालाच्या भूमिकेत आता दुसरा कुणी उभा राहणार नाही. २०२२ साली पुढचा चित्रपट आला, त्यात राजाच मेला असे दाखवले. पोशाख त्याच्या बहिणीने घातला. "बरोबरच केलं त्यांनी," नात म्हणाली. "माणूस जाऊन वर्ष नाही झालं, आणि त्याच्या जागी दुसरा? मला तर बघवलं नसतं."

"पण त्या राजाला बघून मोठी होणारी मुलं होती ना?" नातू म्हणाला. "नटाबरोबर राजाही मारला. मुलांचा राजा गेला त्याचं काय? त्याच्या सख्ख्या भावानंसुद्धा सांगितलं होतं म्हणे, की भूमिका दुसऱ्याला द्या, त्याला तेच आवडलं असतं."

मग दोघेही माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्हीच सांगा."

मी म्हटले, कंदील होऊ द्या, मग सांगतो. खरे म्हणजे मला वेळ हवा होता. या प्रश्नावर मत द्यायला माझ्याइतका अधिकारी माणूस त्या ओसरीवर कुणी नव्हता, आणि माझ्याइतका आरोपीही कुणी नव्हता. तो सख्ख्या भावाचा उल्लेख मला फार जवळून लागला होता.

वास्तविक हा प्रश्न आपल्याला नवा नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी नाटकाचे वेड आहे, त्यांना लगेच आठवेल. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले. पुढे त्यात भाऊराव कोल्हटकर शकुंतला करू लागले, आणि लोकांना शकुंतला म्हणजे भाऊराव असे वाटू लागले. १९०१ साली भाऊराव गेले. किर्लोस्कर मंडळी पोरकी झाली. अशा वेळी १९०५ साली मिरजेला नारायण राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला. त्या रात्री ज्यांनी भाऊरावांना ऐकले होते, त्यांतल्या किती जणांनी मनाशी हळहळ केली असेल! पण तोच मुलगा पुढे बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या काळजात बसला, आणि त्याच्यानंतर आलेल्यांना लोक त्याच्याशी ताडून पाहू लागले. हळहळ तीच, फक्त नाव बदलले.

'नटसम्राट'चेही तसेच. २३ डिसेंबर १९७० रोजी डॉ. श्रीराम लागू आप्पासाहेब बेलवलकर होऊन आले. त्यानंतर दत्ता भट आले, सतीश दुभाषी आले, यशवंत दत्त आले. २०१६ साली चित्रपटात नाना पाटेकर आले. कुणाचा आप्पासाहेब खरा, यावर अजून लग्नाच्या पंगतीत दोन तट पडतात. पण एवढे सगळे आले म्हणून आप्पासाहेब म्हातारा झाला नाही. उलट, एकाच्या अंगावर राहिला असता तर तो त्याच्याबरोबरच गेला असता.

आणि नाटकापर्यंत तरी कशाला जायचे? आपला विष्णू दहा वेळा रूप पालटतो. त्यात मला सर्वांत गोड वाटते ती रामायणातली एक भेट. जनकाच्या घरचे लग्न आटोपून वऱ्हाड अयोध्येला निघालेले असते, आणि वाटेत परशुराम आडवा येतो. दोघेही एकाच विष्णूचे अवतार. जुन्याला नव्याचा राग आलेला असतो. "शिवाचे धनुष्य मोडलेस, आता हे विष्णूचे धनुष्य चढवून दाखव," असे तो म्हणतो. राम ते सहज चढवतो. आणि मग परशुराम काय करतो? तो भांडत बसत नाही. तो ओळखतो, की आता आपले काम याच्याकडे गेले. आणि महेंद्र पर्वतावर निघून जातो. हे मी सांगितले तेव्हा नातू म्हणाला, "अरे, हे तर स्पायडरमॅनसारखं झालं!" २०२१ च्या त्या चित्रपटात म्हणे आधीचे दोन आणि आताचा एक असे तिन्ही स्पायडरमॅन, टोबी मॅग्वायर, अँड्र्यू गारफिल्ड आणि टॉम हॉलंड, एकाच वेळी पडद्यावर येतात, आणि जुने नव्याला सावरतात. अमेरिकेला हे सुचायला बराच वेळ लागला, एवढेच मी म्हणालो.

पण वाचकहो, पुराणातले दाखले देणे सोपे असते. जुना अवतार स्वतः येऊन धनुष्य देतो, तिथे प्रश्नच मिटतो. जिथे जुना माणूस काही न सांगता, काही न देता एका पहाटे निघून जातो, तिथे धनुष्य द्यायचे कुणी? ते दुसऱ्याच कुणाच्या तरी कपाटात राहते. आमच्या गावचे ते माझ्या कपाटात अकरा वर्षे अडून राहिले होते. धनुष्य नव्हे, जिरेटोप.

आमच्या जुन्या किल्लारीत गणेशोत्सवात महाराजांचे नाटक होत असे. मराठवाडा निजामाच्या अमलातून सुटला तो १७ सप्टेंबर १९४८ ला; त्यानंतरच्या दोन-चार वर्षांत केव्हातरी हे नाटक सुरू झाले. आधी सोनेरी काठाच्या कापडाचा, मग मखमलीचा असा जिरेटोप झाला. त्याला खोट्या मोत्यांची लड होती. माझे थोरले बंधू, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणत असू, पंचवीस वर्षे महाराज झाले. दिवसा बैल हाकणारा, बिडी ओढणारा, उधारीवरून वाण्याशी हुज्जत घालणारा हा माणूस टोप चढवला, की वेगळा दिसे. पडदा उघडल्यावर ते पहिले वाक्य लगेच बोलत नसत. नुसते उभे राहत. चार-पाच श्वास जात. तेवढ्यात मांडवातली रडणारी पोरे गप्प होत. त्या थांबण्याला आमच्या गावात नाव होते. 'अण्णांची घडी' म्हणत.

१९९३ साली मी औशाला नोकरीला होतो. गणपतीत नाटकाला गावी आलो, तेव्हा टोपाची मोत्यांची लड तुटली होती. अण्णा म्हणाले, "घेऊन जा. तुझ्या बायकोचा हात बारीक आहे, ओवून ठेव. पुढच्या वर्षी लागंल." मी टोप पिशवीत घालून औशाला आणला. त्यानंतर ३० सप्टेंबरची पहाट आली. गणपती बोळवून गाव झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यांत अण्णा होते. वहिनींना दुपारी माळवदाखालून काढले, त्या वाचल्या. त्या दिवसाविषयी मी याहून जास्त कधी लिहिले नाही, आणि आता दिवाळीच्या अंकात लिहिणार नाही.

टोप माझ्याकडे राहिला. लड ओवलेली होती.

पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, त्यांत आमचे एक. जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर आखीव रस्ते, नंबर घातलेली घरे. ज्याची जमीन जेवढी, त्याप्रमाणे २५०, ४०० नाहीतर ७५० चौरस फुटांचे घर. नाव मात्र किल्लारीच. पहिली काही वर्षे आम्हाला ते नाव उच्चारताना जीभ अडखळल्यासारखी होई. टपालावर 'किल्लारी' लिहायचे, आणि मनात यायचे, की ही कुठली किल्लारी? हा तर किल्लारीचा वेष घेतलेला कुणी परका. जुन्या गावच्या वळणाच्या गल्ल्या, थंडगार वाडे, दोन-दोन हात रुंद भिंती यांच्या आठवणी म्हातारी माणसे नव्या ओट्यांवर बसून काढत. मीही काढी. एकदा एक इंजिनिअर आला होता, तो ऐकून घेऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, त्या दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती आणि वरचं मातीचं ओझं, यांनीच माणसं मारली." मला त्याचा राग आला. पण तो खोटे बोलत नव्हता. गेलेल्याची आठवण काढताना आपण त्याचे दोष काढून टाकतो. आणि मग त्या निर्दोष आठवणीच्या शेजारी नव्याला उभे करून, तो कसा कमी पडतो ते मोजत बसतो. असे मोजल्यावर कुठला नवा नट, कुठले नवे गाव, कुठली नवी सून पुरी पडेल?

हे मला तेव्हा कळले असते तर बरे झाले असते. १९९७ साली गावची पोरे माझ्याकडे आली. "गुरुजी, टोप द्या. यंदा नाटक बसवायलोत." मी विचारले, महाराज कोण होणार? त्यांनी एकाचे नाव सांगितले. मी म्हणालो, "अण्णांचा टोप आहे तो. कुणाच्याही डोक्यावर ठेवायला दिलेला नाही." पोरे मुकाट्याने गेली. पुढल्या वर्षी आली, त्याच्या पुढल्या वर्षी आली. मग यायची बंद झाली. गणपतीत भाड्याचा ऑर्केस्ट्रा येऊ लागला. मी दर वर्षी टोप उन्हात ठेवी, डांबराच्या गोळ्या बदली, आणि स्वतःला भरत समजे. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून चौदा वर्षे सिंहासन रिकामे ठेवणारा भरत. माझ्या दृष्टीने यात केवढी निष्ठा होती!

तो भ्रम वहिनींनी एका वाक्यात उतरवला. २००८ सालची गोष्ट. श्रावणात मी कपाट उघडून टोपाला ऊन देत होतो. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, टोप जपलाव, पण नाटक मारलाव की."

मी काही बोललो नाही. त्याच पुढे म्हणाल्या, "त्यान्ला टोपाचं कवतिक नव्हतं. त्यान्ला नाटकाचं होतं. टोप तर ते खुंटीला लावून बिडी ओढायचे."

रात्री मला झोप आली नाही. मी भरताची गोष्ट पुन्हा मनाशी लावून पाहिली, आणि मला माझी चूक सापडली. भरताने सिंहासन रिकामे ठेवले, कारण राम जिवंत होता आणि परत येणार होता. शिवाय सिंहासन रिकामे ठेवले तरी त्याने राज्य बंद ठेवले नव्हते. नंदिग्रामात बसून तो रोज कारभार पाहत होता. मी मात्र परत न येणाऱ्या माणसासाठी जागा अडवली होती, आणि कारभारही बंद पाडला होता. ही निष्ठा नव्हती. दुःखाची मालकी होती. अण्णा माझे होते. म्हणून महाराजही माझेच, असे मी धरून चाललो होतो. पण अण्णा माझे असले तरी महाराज गावाचे होते. अण्णांनी ते पंचवीस वर्षे वापरायला घेतले होते.

आणि मग आणखी एक गोष्ट आठवली, जी मी सोयीस्करपणे विसरलो होतो. अण्णांच्या आधी महाराज कोण होत? गावचे एक शिंपी. पहिला टोप त्यांनीच शिवला होता. त्यांची नजर अधू झाली, तेव्हा १९६८ च्या सुमारास त्यांनी तो अण्णांच्या हाती दिला. अण्णांच्या पहिल्या प्रयोगाला मी पुढल्या सतरंजीवर होतो, पोरगाच होतो. प्रयोग संपल्यावर घरी जाताना मोठी माणसे बोलत होती, "शिंपीकाकांची सर नाही. बोलायच्या आधी नुसताच उभा काय राहतो हा?" जी घडी पुढे गावाचे भूषण झाली, तिलाच त्या रात्री गाव हसले होते. ते शिंपीकाका मात्र विंगेत बसून अण्णांचा कमरबंद बांधत होते. आपल्या अंगावरचे उतरवून दुसऱ्याच्या अंगावर बांधताना त्यांच्या मनात काय आले असेल, हे मला चाळीस वर्षांत एकदाही विचारावेसे वाटले नव्हते.

त्या गणपतीत मी टोप दिला. महाराज झाला तो तरुण ट्रॅक्टर दुरुस्तीचे काम शिकत होता. भूकंपाच्या पहाटे तो पाच वर्षांचा होता, आणि त्या पहाटेने त्याची आई नेली होती. टोप हातात घेताना तो म्हणाला, "गुरुजी, अण्णा कसे करायचे, मला नीट याद नाही. कुणीतरी मला खांद्यावर घेतलेलं आठवतं, आणि लांबून हा टोप दिसलेला." मी त्याला अण्णांची घडी समजावून सांगणार होतो. तोंडाशी आलेले शब्द मी गिळले. कसे गिळले ते माझे मला ठाऊक.

प्रयोगाच्या रात्री पडदा उघडला, आणि महाराज हसत होते. होय, हसत होते. मावळ्यांच्या मध्ये बसून, कुणाच्या तरी थट्टेवर, मोकळेपणी. मला धक्काच बसला. अण्णांचे महाराज कधी हसले नव्हते. माझ्या शेजारचा म्हातारा कुरकुरला, "हे काय?" पण पुढे सतरंजीवर बसलेली पोरे त्या हसण्याबरोबर हसली, आणि हसता हसता पुढे सरकली. मी विचार करू लागलो, की विशीच्या आतबाहेर तोरणा घेणारा तो मुलगा आपल्या सवंगड्यांत कधी हसलाच नसेल काय? अण्णांनी आम्हाला महाराजांचा दरारा दाखवला. या पोराने त्यांचे वय दाखवले. दोन्ही महाराजांचेच होते. अण्णांची घडी त्याने उचलली असती, तर ती नक्कल झाली असती. आणि नक्कल पाहून मला अण्णा दिसले नसते, फक्त ते नसल्याचे दिसले असते.

वहिनी प्रयोगाला आल्या होत्या. शेवटी एवढेच म्हणाल्या, "टोप मोठा होतोय त्याला. आतून पट्टी लावा."

तेव्हापासून माझे मत असे झाले आहे, की भूमिका ही नटाची मिळकत नसते. ती त्याच्याकडे सांभाळायला दिलेली ठेव असते. पण ठेव म्हटली, की प्रेक्षकाला वाटू लागते, मालक मी. तेही खरे नाही, आणि ते जास्त घातक आहे. याचे उदाहरण आपल्याच चित्रपटसृष्टीत नुकतेच घडले. दिग्पाल लांजेकर यांनी महाराजांच्या पराक्रमावर आठ चित्रपटांची माळ ओवायला घेतली. 'फर्जंद' २०१८ साली आला, मग 'फत्तेशिकस्त', 'पावनखिंड', 'शेर शिवराज', 'सुभेदार'. या सगळ्यांत महाराज झाले चिन्मय मांडलेकर. अमेरिकेच्या उडत्या वीरांची माळ तशीच ही आपल्या खऱ्याखुऱ्या वीराची. लोकांनी नटाला डोक्यावर घेतले. आणि त्याच लोकांतल्या काहींनी २०२४ साली त्याच्या लहान मुलाच्या नावावरून त्याला आणि त्याच्या घरच्यांना इतके बोल लावले, की त्या एप्रिलमध्ये त्याने जाहीर केले, की यापुढे मी महाराजांची भूमिका करणार नाही. आग्र्याच्या स्वारीवरच्या पुढच्या चित्रपटात ती भूमिका अभिजीत श्वेतचंद्र यांच्याकडे गेली.

नट बदलला यात मला काही वावगे वाटत नाही. पण हे हस्तांतर तसे नव्हते, जसे शिंपीकाकांनी केले. इथे कुणी कमरबंद बांधला नाही. तो ओढून काढला गेला. असे का झाले असावे? मला वाटते, आमच्या गावात हे झाले नसते, आणि त्याचे कारण आम्ही फार उदार होतो हे नव्हे. कारण एवढेच, की अण्णा आम्हाला पुरते माहीत होते. रात्री महाराजांना मुजरा करणारा माणूस सकाळी अण्णांना म्हणे, "काय राजे, बैल सुटलाय तुमचा, माझ्या ज्वारीत शिरलाय." टोप वेगळा आणि डोके वेगळे, हे सर्वांना ठाऊक असल्याने टोपाला वाकताना कुणाला लाज वाटत नसे आणि डोक्याशी भांडताना कुणाला भीती वाटत नसे. पडद्यावरच्या नटाला आपण ओळखत नाही. म्हणून आपण टोपच त्याचे डोके समजतो, आणि मग घरात त्याने काय खावे, मुलाला काय हाक मारावी, हेही टोपाला विचारून ठरवावे असा हट्ट धरतो. ज्या राजाने रयतेच्या घरादाराला धक्का लागू नये म्हणून सैन्याला ताकीद दिली, त्याच्या नावाने एका घराला त्रास द्यायचा, याला भक्ती कसे म्हणावे?

कंदील एव्हाना तयार झाला होता. नातवाने तो वर चढवला, नातीने बटण दाबले. दोघे पुन्हा माझ्यापुढे येऊन बसली. "आता सांगा. द्यायची की नाही भूमिका?"

मी नातवाला म्हणालो, तू म्हणतोस ते बरोबर. भूमिकेला कुलूप लावू नये. मी लावून पाहिले आहे. त्याने गेलेला माणूस जपला जात नाही, फक्त त्याचे काम थांबते. आणि नातीला म्हणालो, तूही बरोबर. गेलेल्याच्या चितेचा निखारा विझला नाही तोवर त्याच्या जागी दुसरा उभा करून, काही घडलेच नाही असे वागू नये. मग मी तिला विचारले, त्या सिनेमात पोशाख बहिणीने घातला म्हणालीस. पुढे काय होते?

ती म्हणाली, "शेवटी कळतं, की राजाला एक लहान मुलगा आहे. त्याचं खरं नाव पण टिचालाच असतं."

मला हसू आले. म्हणजे त्या लोकांनीही शेवटी तेच केले. एका सिनेमापुरते थांबले, डोळे पुसले, आणि नाव पोराला दिले. आपल्याकडे आजोबा गेल्यावर नातवाला त्यांचे नाव ठेवतात, तेव्हा त्या पाळण्यातल्या पोराने आजोबांसारखे खोकावे असे कुणी म्हणत नाही. नाव जुने, रडणे नवे. यातच नावाची इज्जत असते. गावाचेही तसेच झाले. दर ३० सप्टेंबरला आम्ही जुन्या जागी जातो, गेलेल्यांना हात जोडतो, आणि संध्याकाळी नव्या किल्लारीत दिवा लावायला परत येतो. आता टपालावर नाव लिहिताना माझा हात थांबत नाही. इथेच जन्मलेल्या पोरांना तर विचारायचीही सोय नाही, की तुमची किल्लारी खरी की आमची. ती म्हणतील, एकच तर आहे.

"म्हणजे द्यायची," नातू म्हणाला.

"द्यायची," मी म्हणालो, "पण हाताने द्यायची. फेकायची नाही आणि ओढायचीही नाही. आणि दिल्यावर, तो कसा करतो ते बघायला पुढच्या सतरंजीवर बसायचे."

नात थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि पोर हसलं, तर?"

"तर आपणही हसायचे," मी म्हटले. आतून वहिनींचा आवाज आला, की चकल्या गार व्हायला लागल्या आहेत, वाद पुरे. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. गणपतीतला टोप हल्ली तिसऱ्याच पोराच्या डोक्यावर असतो. त्याला तो घट्ट होतो, म्हणून आतली पट्टी मी काढून टाकली आहे.